गड्ड्याच्या मिरवणुकीला फुटपाथवर जागा धरताय? भांडण न होता कशी धरायची

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजेच गड्ड्यात, नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) ज्या रस्त्यांवरून जातात, तिथे जानेवारीत एकच भांडण ठिकठिकाणी होतं. एकाने पहाटे सतरंजी टाकून ठेवलेली असते, दुसरा सकाळी येऊन तिच्यावर बसलेला असतो आणि ‘माझी जागा’ दोघंही म्हणतात. अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या दिवशी, साधारण १३ जानेवारीला, हे सर्वांत जास्त. आदल्या दिवशी सिद्धेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाची फेरी शहरभर फिरते, त्यामुळे गर्दी पसरते. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर तो दिवस निवडा.

आधी कायदा, कारण निम्मे वाद गैरसमजातून होतात. फुटपाथ हा सार्वजनिक रस्त्याचाच भाग आहे. दुकानदाराचा हक्क त्याच्या ओट्यापर्यंत, पुढच्या फरशीवर नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ प्रमाणे रस्त्यात ठेवलेली वस्तू महापालिका नोटीस न देता उचलू शकते. सार्वजनिक वाटेत अडथळा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे सतरंजी टाकल्याने जागा तुमची होत नाही. चालतो तो केवळ आजूबाजूच्यांचा समजुतीचा रिवाज, आणि तो एसटीत टाकलेल्या रुमालासारखाच आहे: रुमालामागचा माणूस वेळेत आला तरच लोक मानतात.

म्हणून वस्तू ठेवून घरी जाऊ नका, माणूस बसवा. एका कुटुंबामागे एक जण कायम हवा. चहाला किंवा लघवीला जाताना शेजारच्याला सांगून जा: ‘मावशी, दहा मिनिटांत येतो, बघा जरा.’ तेवढं सगळे मानतात. तासभर कोणीच नसेल तर जागा मोकळी समजायची, आणि परत आल्यावर तक्रार करायची नाही.

जागा किती धरायची हेही मोजून ठरवा. मांडी घालून बसलेल्याला रुंदीला सुमारे दोन फूट लागतात. दहा फूट लांबीत पुढच्या ओळीत पाच जण. मागे आणखी दोन ओळी केल्या की पंधरा. सहा जणांसाठी दहा फूट दोरी बांधणं ही सरळ अडवणूक आहे, आणि लोक चिडतात ते बहुतेक या रिकाम्या जागेवरच. प्लॅस्टिकची खुर्ची पुढच्या ओळीत अजिबात नको. एका खुर्चीमुळे मागच्या तिघांना दिसत नाही. खुर्च्या भिंतीला लावून, ज्येष्ठांसाठी. त्यांच्या आणि बसलेल्यांच्या मधे किमान तीन फूट वाट सोडा. व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर जायला तेवढी लागतेच, आणि बंदोबस्तावरचे पोलीस सतरंज्या उठवतात त्या बहुतेकदा ही वाट बंद झाली म्हणून. फुटपाथच अरुंद असेल तर एकच ओळ करा.

काही जागा धरूच नका. अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळ दाटी इतकी असते की तिथली आरक्षणं म्हणजे चेंगराचेंगरीला आमंत्रण. चौकातली वळणं, गल्लीची तोंडं, दवाखान्याचं दार, रोहित्राचा कठडा, तुटकं गटाराचं झाकण, हेही टाळा. रस्त्याच्या कडेलाही सरकू नका. नंदीध्वज उंच असतो आणि पेलणारा मानकरी तोल सांभाळत चालतो. वाऱ्याने काठी कलली की बाजूला मोकळी जागा लागते. म्हणूनच दोन खांबांना आडवी दोरी, पताका किंवा सावलीचं कापड बांधायचं नाही. पायघडीची रांगोळी काढणाऱ्यांनाही कडेची पट्टी लागते, ती सकाळी मोकळी द्या. पेव्हर ब्लॉकमध्ये खिळा ठोकणं आणि ऑइल पेंटने नाव लिहिणं तर सोडूनच द्या. ते नाव वर्षभर राहतं आणि पुढच्या यात्रेत ‘आमची नेहमीची जागा’ म्हणून तोच पुरावा पुढे येतो.

वाद झालाच तर दुसऱ्याची सतरंजी फेकू नका, घडी घालून ओट्यावर ठेवा. फेकलेली वस्तू हरवली की जागेचं भांडण चोरीच्या आरोपावर जातं. उचलण्याआधी तिचा फोटो काढा आणि दोन शेजाऱ्यांना विचारा. बसताना आधीच सांगून ठेवा: ‘काका, ही कुणाची आहे? ते येईपर्यंत बसतो, आले की सरकतो.’ मालक आला तर सगळी जागा मागू-देऊ नका. त्याची माणसं मोजा, माणशी दोन फूट द्या, उरलेली तुमची. बहुतेक वाद इथेच संपतात, कारण मालकालाही आपण जास्त धरल्याचं ठाऊक असतं. आवाज चढला तर बायका-मुलांना आधी बाजूला घ्या आणि जवळच्या पोलिसाला बोलवा. हात उगारला गेला तर ११२ लावा.

जागेसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, पन्नास रुपये असले तरी. एकदा दिले की पुढच्या वर्षी तीच जागा विकायला निघते. स्वतःच्या ओट्यावर बसवून कोणी चहापाण्याचे मागत असेल तर तो त्याचा प्रश्न. फुटपाथचे पैसे मागणं मात्र तिथल्या पोलिसाला सांगण्यासारखं आहे.

शेवटचा नंदीध्वज पुढे गेल्यावर लगेच उठू नका, मागच्या गर्दीला जाऊ द्या. मग सतरंजी, दोरी, पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या सगळं उचला आणि जागेसाठी खडूने रेघ ओढली असेल तर ती पाण्याने पुसून टाका.