ओळखीचा वाटणारा शब्द आधी तपासा

मातृभाषा पोलिश असेल तर वरच्या पातळीचं इंग्रजी शिकताना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे वाटणारेच जास्त दगा देतात. पोलिशमधलं 'एव्हेंतुआल्न्ये' म्हणजे 'गरज पडलीच तर'. इंग्रजी 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'सरतेशेवटी'. ग्राहकाला 'वुई विल इव्हेंच्युअली पे' लिहिलंत, की मनात असतं 'वेळ आलीच तर देऊ' आणि समोरचा वाचतो 'आज ना उद्या देऊच'! 'ऑर्डिनरी' म्हणजे साधं, पण पोलिश 'ऑर्दिनार्नी' म्हणजे असभ्य, शिवराळ.

अशा जोड्यांसाठी वेगळी वही करा. नुसता अर्थ नको, स्वतःच्या कामातलं अख्खं वाक्य लिहा. सुरुवात 'अ‍ॅक्च्युअली'पासून, म्हणजे 'खरं तर'; बोलण्यात तो सतत येतो, आणि पोलिश 'आक्तुआल्न्ये' म्हणजे मात्र 'सध्या'.