फास्ट बोलिंग करणाऱ्या मुलाची कंबर दुखतेय? या चुका टाळा

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा नेट प्रॅक्टिसवरून येतो, कंबर धरून बसतो आणि घरचे म्हणतात, "उसण भरली असेल." मग बाम, शेक, दोन दिवस आराम आणि पुन्हा रनअप. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. या वयातल्या फास्ट बोलरची कंबर एका बाजूला दुखत असेल, तर आधी हाडाची शंका घ्यायची.

चेंडू सोडताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. नेमकी त्याच क्षणी पाठ मागे वाकते, बाजूला झुकते आणि पिळली जाते. तो ताण कमरेच्या खालच्या मणक्यांमागच्या एका अरुंद हाडावर पडतो. पुरतं पक्कं न झालेलं ते हाड आधी आतून सुजतं, आणि बोलिंग चालूच राहिली तर त्याला चीर जाते. उजव्या हाताने टाकणाऱ्याला ती बहुधा डावीकडे. मुलाला डाव्या पायावर उभं करून हळूच मागे वाकायला सांगा (डावखुऱ्याला उजव्या). कमरेत त्याच बाजूला कळ आली, तर बोलिंग त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. कळ आली नाही, पण दुखणं टिकून आहे, तरी दाखवाच. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर डॉक्टरांकडे न्यायला थांबूच नका.

"एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीची इजा साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. मॅचआधी पेनकिलर देणं तर मला अक्षम्य वाटतं. थांबायला सांगणारी एकमेव खूण आपणच पुसतो.

दुसरी मोठी चूक हिशेबाची. मुंबईतला चांगला बोलर गाइल्स शिल्ड ही शाळांची स्पर्धा खेळतो, कधी त्याच मोसमात हॅरिस शिल्ड ही दुसरी शालेय स्पर्धाही, शिवाय क्लब आणि ॲकॅडमी. प्रत्येक सर आपापल्या ओव्हर बघतात, बेरीज कोणीच करत नाही. नेटमधले चेंडू तर कुणाच्या खिजगणतीत नसतात. नेटमध्ये 60 चेंडू टाकले की 10 ओव्हर झाल्या! इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 13 वर्षांखालच्या फास्ट बोलरसाठी सलग 5 आणि दिवसाला 10 ओव्हरची मर्यादा घातली होती, ती आपल्या घरीही लावता येते. एक वही करा: तारीख, नेटचे चेंडू, मॅचचे चेंडू, कुठे दुखलं. ती प्रत्येक सरांना दाखवा. आपलं पोरगं संघाबाहेर बसेल या भीतीने पालक गप्प राहतात, पण हे बोलायचं काम त्यांचंच आहे.

परीक्षेपायी दोन महिने चेंडूला हात नाही आणि पेपर संपताच उन्हाळी कॅम्पमध्ये सकाळ-संध्याकाळ बोलिंग, हेही घातकच. चेंडू आठवड्या-आठवड्याने वाढवा. उंची भराभर वाढत असेल, तर आणखी सबुरीने.

 

शेवटची चूक परतण्याच्या घाईची. दुखणं काही आठवड्यांत जातं, हाड भरायला मात्र अनेकदा तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात. जसप्रीत बुमराहला 2019 मध्ये याच प्रकारच्या दुखापतीने बाहेर बसवलं आणि 2023 मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरही सुरुवात उभ्याने टाकण्यापासून, मग अर्धा रनअप, तेही एक दिवसाआड.