मेंदूतल्या गाठीमुळे येणाऱ्या फिट्स आणि रेडिएशन: तयारी कशी करावी

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, नेमाने घेऊनही फिट येत असेल, तरच ती औषधांना दाद देत नाही असं म्हणतात. पुष्कळदा नुसती रात्रीची गोळी राहिलेली असते. म्हणून आधी वही ठेवा: तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठल्या हातापायापासून सुरुवात, गोळी घेतली होती का. मोबाइलवरचा एक व्हिडिओ डॉक्टरांना दहा प्रश्नांची उत्तरं देतो.

गाठ सुरक्षितपणे काढता येत असेल, तर आधी ऑपरेशनचाच विचार होतो. उरलेल्या किंवा हात लावता न येणाऱ्या गाठीला रेडिएशन देतात. ते मुळात गाठीसाठी असतं. फिट्स कमी होणं हा बऱ्याच जणांना मिळणारा फायदा, हमी नव्हे. कमी ग्रेडच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या ग्लायोमाला (मेंदूच्या गाठीचा एक प्रकार) साधारण 50 ते 54 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), वेगाने वाढणाऱ्या ग्लायोब्लास्टोमाला बहुधा 60 ग्रे. आठवड्याला पाच सिटिंग, सुमारे सहा आठवडे.

रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून मास्क बनवतात. केस कापायचे असतील तर तो बनण्याआधीच कापा, नंतर कापले की मास्क सैल होतो. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात, ती काही मिनिटांत घट्ट होते. पुढे स्टेरॉइडने चेहरा सुजला की तोच मास्क कानशिलावर रुतायला लागतो. सोसत बसू नका, टेक्निशियनला सांगा. टेबलावर फिट आली तर कॅमेऱ्यात दिसतं, मशीन थांबवून मास्क लगेच काढतात.

पहिल्या काही आठवड्यांत मेंदूला सूज येऊन फिट्स वाढू शकतात. त्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर शेवटचा डोस दुपारीच घ्या. संध्याकाळी घेतल्यास झोप उडते, आणि जागरणाने फिट येते. ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही. फेनिटॉइन हे फिट्सचं औषध चालू असेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याची ॲलर्जी होऊन अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड दिसले, तर पुढच्या सिटिंगची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ठाण्याहून खारघरच्या ॲक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) जायचं तर पनवेल लोकल आणि पुढे रिक्षा. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं. दारात उभं राहायचं नाही, सोबत कोणीतरी हवंच. मशीन बंद पडून नंबर तासभर पुढे जातो, म्हणून पुढची गोळी खिशात ठेवा.

फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर 108. नाकात मारायचा मिडाझोलम स्प्रे लिहून दिला असेल तर सांगितलेले पफ मारा.

फरक पडायला काही महिने लागू शकतात. तोवर गोळ्या तशाच, आणि स्कूटरची चावी घरच्यांकडे.