ऊसबिलाचा पगार केला

आमच्या वाळवा तालुक्यात ऊसबिल येतं ते एकदम, आणि जातंही एकदम. कायद्यानं कारखान्यावर ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्या तारखेवर घरखर्च बेतणं मी सोडून दिलं. आता गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज बिलातून वळतं होऊन उरलेल्या रकमेचे बारा भाग करतो आणि महिन्याला एकच घरात आणतो. मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही, म्हणून तिथं चालढकल नाही. पोस्टात 5 वर्षांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, काढली; महिना 100 रुपयांपासून सुरू होते. भावकीतल्या लग्नांचे आहेर मात्र अजून कुठल्याच भागात बसत नाहीत! त्यावर बायको म्हणते, तेरावा भाग काढा.