कासच्या पठाराचा रंगीत फोटो कागदावर उतरवताना

सप्टेंबरात कासच्या पठारावर काढलेला फोटो मोबाईलवर जितका झळाळतो तितका तो कागदावर झळाळत नाही, आणि त्याचा दोष बहुधा लॅबच्या माथी मारला जातो. पडदा स्वतःच्या उजेडाने उजळतो, कागद मात्र त्याच्यावर पडलेला उजेडच परत पाठवतो. म्हणून प्रिंटची तयारी मॉनिटरपासून करावी. त्याचा ब्राइटनेस साधारण 80 ते 120 कॅन्डेला प्रति चौरस मीटर ठेवावा. कॅलिब्रेटर, म्हणजे मॉनिटरचा उजेड व रंग मोजून जुळवणारे उपकरण, नसेल तर पांढरा कागद खोलीतल्या उजेडात मॉनिटरशेजारी धरून दोन्हींचा उजळपणा अंदाजाने जुळवावा. पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो प्रिंटमध्ये हमखास काळवंडतो.

12 बाय 18 इंची प्रिंटसाठी 300 पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, म्हणजे 24 मेगापिक्सेलची फाइल पुरते. लॅबने वेगळे सांगितले नसेल तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत द्यावी आणि ‘ऑटो करेक्शन करू नका’ असे स्पष्ट सांगावे, कारण पठारावर उतरलेले धुके ही मशीनच्या दृष्टीने चूक असते आणि ते नाहीसे करण्याच्या प्रयत्नात फोटोचा प्राणच निघून जातो.

खरी कसोटी रंगांची असते. जांभ्याच्या ओल्या खडकालगत उगवणाऱ्या ‘सीतेची आसवे’ या फुलांचा निळसर जांभळा रंग छपाईच्या शाईला पूर्णपणे पेलत नाही. पडद्यावर फुलाच्या पाकळीत दिसणाऱ्या फिक्या-गडद छटा प्रिंटमध्ये एकमेकींत मिसळतात आणि फुलाच्या जागी नुसता निळसर ठिपका उरतो. त्यासाठी लॅबकडून कागदाचे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) मागून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल याची पडद्यावरची झलक, पाहावा, आणि सबंध फोटोचे सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) न उतरवता फक्त जांभळ्याचे थोडे कमी करावे, म्हणजे रंग किंचित फिका झाला तरी पाकळीचा आकार टिकतो. हिरव्याबाबत तर अधिकच संयम हवा. त्या दिवसांत गवतात सोनकीचा पिवळा असतो, तेरड्याचा गुलाबी असतो, मधूनच मातीचा तपकिरी डोकावतो. हे सगळे एका पोपटी रंगात बुडवले की पठार सपाट दिसू लागते. दूरच्या डोंगररांगांवरची निळसर झाकही धुरकटपणा काढणाऱ्या ‘डीहेझ’ने पुसू नये, कारण अंतराची जाणीव तीच करून देते.

उन्हातल्या फुलांना किंचित चमक असलेला लस्टर कागद शोभतो, तर धुके आणि पाऊस बिनचमकीच्या मॅटवर अधिक खुलतात. मात्र मॅटवर काळा रंग तितका गडद उतरत नसल्याने सावल्या आधीच थोड्या उजळाव्या लागतात. मोठी प्रिंट काढण्यापूर्वी फोटोतला सर्वांत गडद, सर्वांत उजळ आणि सर्वांत रंगीत भाग मोठ्या प्रिंटमध्ये येईल त्याच आकारात लहानशा कागदावर छापून घ्यावा. इंकजेट प्रिंट असेल तर ती पूर्ण वाळू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी पाहावी.

प्रिंट निर्दोष असली म्हणजे फोटो कलादृष्ट्या चांगला ठरतोच असे नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे फार होते. परीक्षण करताना प्रिंटच्या कर्णाच्या दीडपट, म्हणजे या आकाराला पावणेतीन फुटांच्या आसपास, अंतरावरून आधी पाहावे आणि मगच जवळ जावे. प्रिंट उलटी धरली की ठिकाणाची ओळख मागे पडते आणि उजेड व रंग यांचा तोल उघडा पडतो. अजिंक्यतारा किंवा ठोसेघरचा धबधबा ओळखू येणे हा त्या स्थळाचा मान आहे, फोटोचा गुण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळा चौकटीत कुठून शिरतो, कुठे रेंगाळतो, रंग नुसता शोभेला आहे की त्याच्यावाचून फोटो उभाच राहिला नसता, हे प्रश्न स्वतःला विचारावेत. फुलांचा गालिचा पहिल्या नजरेला जिंकतो, पण नजर ठरण्यासाठी त्यात एखादा खडक, पायवाट किंवा ढगाची सावली नसेल तर तो लवकरच कंटाळवाणा होतो.

दोन-तीन प्रिंट्स घरातल्या नेहमीच्या उजेडात आठवडाभर भिंतीवर लावून ठेवाव्यात, आणि जिच्यात दर वेळी काही नवे सापडते तीच मोठी करावी. तिच्या मागे कागद, प्रोफाइल आणि केलेले बदल पेन्सिलीने लिहून ठेवावेत, म्हणजे पुढची प्रत तशीच काढता येते.