डिझेल नावेचं इंजिन ऑइल कसं निवडावं आणि कसं बदलावं

रामटेकजवळचा खिंडसी असो की गोसेखुर्दचं दूरवर पसरलेलं पाणी, आत बसवलेल्या छोट्या डिझेल इंजिनाची नाव ज्याच्याकडे आहे त्याने ऑइल बदलणं स्वतः शिकून घ्यावंच. काम तासाभराचं आहे. पण ट्रक किंवा ट्रॅक्टरवर शिकलेली पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. नावेत इंजिन तळाशी बसवलेलं असतं, ड्रेन नटाखाली भांडं सरकवायला जागा नसते. त्यामुळे ऑइल खाली सोडता येत नाही, वरून ओढून काढावं लागतं.

आधी निवड. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या: घट्टपणाचा आकडा आणि दर्जाची अक्षरं. १५डब्ल्यू-४० मधला १५डब्ल्यू थंडीतलं वागणं सांगतो, तर ४० हा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहील ते. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी शून्याखाली २० अंशांवर होते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा फार तर १० च्या खाली उतरतो, मे महिन्यात मात्र ४५ च्या वर जातो. म्हणून महागड्या ५डब्ल्यू ऑइलवर इथे पैसे घालवू नयेत. मॅन्युअलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर १५डब्ल्यू-४० नागपूरला बारा महिने पुरतं. काही जुन्या एक सिलिंडरच्या इंजिनांना साधं ३० किंवा ४० नंबरचं ऑइल सांगितलेलं असतं, तिथे तेच घालावं.

लोक चुकतात ते दुसऱ्या गोष्टीत. २०डब्ल्यू-४० मागितलं की दुकानदार बहुतेक वेळा बाइकचा डबा पुढे करतो. आकडा मागितलेलाच असतो, ऑइल मात्र पेट्रोल इंजिनाचं असतं. डब्यावर एपीआयच्या (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) पुढे ‘सी’ने सुरू होणारी अक्षरं शोधा: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. फक्त ‘एस’ची अक्षरं असतील तर तो डबा परत ठेवा. डिझेल जळताना काजळी धरते. ती तेलात तरंगत ठेवणारी आणि आम्ल मारणारी रसायनं ‘सी’ दर्जाच्या ऑइलमध्ये जास्त असतात. मॅन्युअलमध्ये जुना सीडी किंवा सीएफ-४ दर्जा लिहिला असेल तर सीएच-४ किंवा सीआय-४ बिनधास्त चालतं. नागपूरजवळच्या वाडीकडे ट्रकवाल्यांच्या दुकानांत सहज मिळतं ते हेच. सुटं ऑइल घेऊ नका, सीलबंद डबाच घ्या. ‘मरीन’ लिहिलेल्या ऑइलमध्ये खाऱ्या हवेतल्या गंजासाठी जादा रसायनं असतात. आपल्या गोड्या पाण्यात त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज मला वाटत नाही.

बदलायचं कधी? बहुतेक छोट्या इंजिनांना १०० ते २५० तासांच्या दरम्यानची मुदत असते आणि नवीन इंजिनाला पहिली बदली ५० तासांच्या आसपास. आपलं मॅन्युअल सांगेल तो आकडा धरा. तलावावर मात्र तासांवर विसंबून चालत नाही. वीस मिनिटांची फेरी, मग काठाशी इंजिन नुसतं चालू ठेवणं, यात इंजिन पुरतं तापतच नाही. आतली वाफ पाणी होऊन तेलात उतरते, अर्धवट जळालेलं डिझेलही मिसळतं. तास कमी भरले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच. तेही पावसाळ्यासाठी नाव काठावर ओढण्याआधी, नंतर नाही. आम्लाने भरलेलं जुनं तेल महिनोन् महिने आत बसलं तर बेअरिंग खातं.

आता प्रत्यक्ष काम. नाव काठाशी बांधून पाण्यातच ठेवा आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा. पाण्याने थंड होणारं इंजिन जमिनीवर कोरडं चालवू नका, पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा जळतो. तेल गरम झालं की पातळ होतं आणि तळाची काजळी सोबत घेऊन निघतं. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा. चटका बसतो, हातमोजे घाला.

डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढून तिच्या नळीतून ऑइल ओढायच्या हातपंपाची बारीक नळी तळाला टेकेपर्यंत सोडा. एक-दोनदा वर-खाली करा, जिथे धार जोरात लागते तिथे धरून ठेवा. बहुतेक नावांत इंजिन मागे कललेलं असतं आणि तेलही मागे साचतं. धार तुटायला लागली की सोबत्याला नावेत मागे-पुढे सरकायला सांगा, आणखी थोडं तेल नळीखाली येतं. निघालेलं तेल मोजा. मॅन्युअलमध्ये तीन लिटर लिहिलंय आणि दोनच निघालं, तर एक लिटर काळं तेल आतच आहे.

काढलेलं तेल दोन बोटांत घासून बघा. काळं असणं ठीक, डिझेलमध्ये ते लवकर काळं होतंच. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. डिझेलचा उग्र वास आणि बोटावर पाण्याइतकं पातळ लागणं, म्हणजे इंजेक्टर किंवा पंप गळतोय. बोटावर चमकणारे कण दिसले तर मिस्त्रीला बोलवा. हे दोष नवीन तेल ओतून जात नाहीत.

फिल्टर सोडवताना त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा म्हणजे ओघळ पिशवीतच राहतो. जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर सुरू करताच तेल उसळून बाहेर येतं. नव्या रिंगला ताजं ऑइल चोळा, फिल्टर टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे हाताने पाऊण फेरा. पाना लावू नका.

भरताना सांगितल्यापेक्षा थोडं कमी ओता, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक पाहा. त्या वेळी नाव सरळ हवी, एका कडेला कुणी बसलेलं नको. वरच्या खुणेपलीकडे जाऊ नका. जादा तेल फेसाळतं, सील फोडतं आणि एखाद्या डिझेल इंजिनाने तेच तेल इंधन म्हणून ओढलं तर ते थांबवणं कठीण होतं. मग सुरू करा. प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. विझला तर दोन मिनिटांनी बंद करून गळती आणि पातळी पुन्हा तपासा. गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, ते या हिशेबात धरू नका.

एक थेंबही पाण्यात जाऊ देऊ नका. नागपूरचं पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानमधून येतं, आणि ज्या पाण्यात आपली नाव आहे तेही कुणाच्या शेताला, कुणाच्या माशांना लागतंच. तळाला साचलेलं तेलकट पाणी पंपाने बाहेर फेकू नका, चिंध्यांनी टिपून घ्या. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, ते पुनर्प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडे गेलं पाहिजे. त्यांना तेल देणाऱ्या गॅरेजवाल्याकडे ते बंद कॅनमध्ये, डिझेल-पाणी न मिसळता पोचवा. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या आणि ते तेलही त्याच कॅनमध्ये ओता.