जपानमध्ये होस्ट कुटुंबात राहून शिकताना

जपानी घरात तुमचं काही चुकलं तर सहसा कुणी तोंडावर सांगत नाही. ओकासान (यजमान घरातल्या आईला हीच हाक मारायची, वडिलांना ओतोसान) हसून ‘दाइजोउबु’ म्हणतात, म्हणजे ‘चालेल’. तुम्ही कॉलेजला गेलात की चुकलेलं काम गुपचूप स्वतः नीट करतात. दोन महिन्यांनी विद्यापीठातल्या समन्वयकाकडून कळतं की घरचे वैतागलेत. म्हणून घराचे नियम विचारून घेणं हे तुमचं काम आहे, आणि तेही पहिल्या दोन-तीन दिवसांत. नंतर विचारायला अवघड होतं.

जाण्याआधी

होमस्टे बहुतेक करून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयामार्फत ठरतो. हिराकातामधलं कान्साइ गाइदाइ किंवा नागोयाचं नानझान यांसारख्या विद्यापीठांत ही सोय आहे. अर्जात आवडीनिवडी विचारतात. तिथे ‘काहीही चालतं’ लिहिण्याचा मोह टाळा. कुत्र्या-मांजरांची भीती, ॲलर्जी, सिगारेटचा त्रास, खाण्याची बंधनं सगळं लिहा. कुटुंबाची निवड याच कागदावरून होते.

औषधांचा नियम कडक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्याच्या वापरापुरती आणि साधी दुकानात मिळणारी दोन महिन्यांपुरती नेता येतात. जास्त न्यायची असतील तर ‘युन्यु काकुनिनशो’ हे परवानगीपत्र आधीच घ्यावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल किंवा खोकल्याच्या औषधात कोडीन १ टक्क्याहून जास्त असेल तर ते नेऊच नका. ताजी फळं, भाज्या, बिया आणि मांसाचे पदार्थही घरीच ठेवा.

वीज १०० व्होल्टची आहे आणि प्लगला दोन चपट्या पिना असतात. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर ‘१००–२४०’ छापलेलं असतं, त्यांना फक्त ॲडाप्टर पुरतो. घरून नेलेली इलेक्ट्रिक किटली किंवा इस्त्री मात्र नीट तापणारच नाही, उगाच वजन वाहू नका.

भेटवस्तू छोटी आणि कमी किमतीची असावी. महागडी दिलीत तर परतफेडीचं ओझं त्यांच्यावर पडतं.

पहिली संध्याकाळ

दारातल्या खोलगट जागेला गेनकान म्हणतात. बूट तिथे काढून थेट वरच्या पायरीवर पाय ठेवायचा. मोज्यांनी खाली उभं राहायचं नाही, कारण ती जागा रस्त्याइतकीच घाण समजतात. बुटांची टोकं दाराकडे वळवून ठेवा. सुटकेसची चाकं गेनकानमध्येच पुसा. तातामीवरून, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवरून, बॅग ओढलीत तर कायमचे चरे पडतात; बॅग उचलूनच न्या. तातामीवर स्लिपरही चालत नाहीत. संडासात वेगळे स्लिपर असतात, ते घालून बाहेर येणं ही नवख्यांची हमखास होणारी चूक. कागद संडासातच टाकून फ्लश करायचा.

फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी, रोज सकाळी घडी करून कपाटात ठेवा. तशीच अंथरलेली राहिली तर अंगाचा घाम खाली साचतो आणि तातामीला बुरशी धरते.

आंघोळ

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात, म्हणून थोडं सविस्तर.

टब, म्हणजे ओफुरो, अंग धुण्यासाठी नसून शेकण्यासाठी असतो. त्यातलं ४०–४२ अंशांचं पाणी एकदाच भरतात आणि घरातले सगळे आळीपाळीने त्याच पाण्यात बसतात. क्रम असा: बाहेरच्या खोलीत कपडे काढायचे, आत छोट्या स्टुलावर बसून साबण-शाम्पूने पूर्ण आंघोळ करायची, फेस शेवटच्या थेंबापर्यंत धुवायचा, केस वर बांधायचे आणि मग टबात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. केसांना तेल लावत असाल तर शाम्पू दोनदा करा, नाहीतर पाण्यावर तवंग येतो आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला तो दिसतो. बाहेर आलात की झाकण परत ठेवा, नाहीतर पाणी गार होऊन ते पुन्हा तापवायला गॅस जळतो. जाळीत अडकलेले आपले केस काढा आणि पंखा चालू ठेवा.

बूच मात्र अजिबात काढू नका. पाणी सोडलंत तर मागच्यांची आंघोळ गेली, शिवाय बऱ्याच घरांत तेच पाणी दुसऱ्या दिवशी नळीने वॉशिंग मशीनमध्ये घेतात.

पाळी असेल किंवा सर्दी झाली असेल तर टबात उतरू नका. ‘क्यो वा शावा दाके दे इइ देसु’ (आज फक्त शॉवर पुरे) एवढं म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. आपला नंबर कितवा आणि किती मिनिटं घ्यायची, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

जेवण

‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. ‘बेजितारियन’ म्हटल्यावर बरेच जण मांस टाळतात, पण मासे वाढतात. मासेही वगळले तरी दाशी राहतेच. दाशी म्हणजे सूपाचा अर्क. तो बहुतेक वेळा कात्सुओबुशीपासून, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा, नात्तोसोबत (आंबवलेल्या सोयाबीनसोबत) येणारी सॉसची पुडी या सगळ्यांत तो असू शकतो. करीच्या तयार वड्यांत अनेकदा जनावराची चरबी असते. मिरिन आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, रोजच्या स्वयंपाकातच असते.

तेव्हा आधी स्वतःशी ठरवा: फक्त तुकडे नकोत, की अर्कही नको? अर्कही नको असेल तर असं सांगा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देसु.’ मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, असा याचा अर्थ. लगेच पर्यायही सुचवा: कोम्बू हे समुद्री शेवाळ किंवा वाळवलेले शिइताके मशरूम. दोन्हींची दाशी उत्तम होते आणि ओकासानांना ती करता येते. नुसतं ‘नको’ ऐकून त्या गोंधळात पडतात; काय चालतं ते कळलं की स्वयंपाक सोपा होतो. आधी ‘चालेल’ म्हणून महिन्याने नियम कडक करणं हे सगळ्यात वाईट, तेवढ्यात त्यांनी घरभर सामान भरलेलं असतं.

स्वतः फोडणी करायची इच्छा झाली तर आधी विचारा. वास पडद्यांत आणि वाळत घातलेल्या कपड्यांत मुरतो. खिडकी उघडून, एक्झॉस्ट लावून, महिन्यातून एखाद्या रविवारी सगळ्यांसाठी करा.

जेवणाआधी ‘इतादाकिमासु’, नंतर ‘गोचिसोउसामा’. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या आहेत.

वेळ

बाहेर जेवणार असाल तर ‘क्यो वा बानगोहान इरिमासेन’ (आज रात्रीचं जेवण नको) हा लाइनवरचा (तिथल्या मेसेजिंग ॲपवरचा) निरोप बाजारहाट होण्याआधी पोचला पाहिजे. किती वाजेपर्यंत कळवायचं ते विचारून ठेवा. संध्याकाळी सातला कळवलंत तर तुमच्या वाटणीचं ताट तयार असतं.

शेवटची ट्रेन साधारण मध्यरात्रीच्या आसपास असते आणि त्यानंतर पहाटे पाचपर्यंत काही नाही. रात्री दहा ते पाच टॅक्सीला साधारण २० टक्के जास्त पडतात.

जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. इकडे घरी नऊला जेवणं आटोपून आई फोन करते, तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात आणि भिंती पातळ असतात. रोजचा फोन भारतातल्या साडेसहाच्या आत उरका.

कागदपत्रं

झाइर्यु कार्ड (रहिवासी कार्ड) नारिता, हानेदा, कान्साइ, चुबु अशा मोठ्या विमानतळांवर लगेच मिळतं. पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत पालिकेत जाऊन कार्डाच्या मागे यजमानांचा पत्ता नोंदवून घ्या. राष्ट्रीय आरोग्य विम्याचं कामही त्याच चकरेत करा. त्यामुळे दवाखान्यात फक्त ३० टक्के खर्च तुमच्याकडे येतो. वय २० पूर्ण असेल तर राष्ट्रीय पेन्शनची नोटीस घरी येते. ती ओकासानांच्या टपालात पडून राहू देऊ नका, विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीचा अर्ज करा. पार्टटाइम काम करायचं असेल तर वेगळी परवानगी लागते, आणि तीही आठवड्याला २८ तासांपर्यंतच. कार्ड कायम खिशात असणं कायद्याने बंधनकारक आहे.

कचरा

जळणारा कचरा साधारण आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या सकाळी. प्लास्टिकच्या (PET) बाटलीचं झाकण आणि लेबल वेगळं काढून, बाटली विसळून टाकायची. नियम गावागणिक बदलतात, म्हणून फ्रिजवर लावलेल्या तक्त्याचा फोटो काढून ठेवा. चुकीची पिशवी गोळा करणारे तशीच सोडून जातात आणि शेजाऱ्यांसमोर मान खाली जाते ती यजमानांची.

भूकंपाची तयारी पहिल्याच आठवड्यात: आसऱ्याची जागा (हिनानजो) चालत जाऊन पाहून या. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलीस ११०, आपत्तीत निरोप ठेवायला १७१.

बिनसलं तर

नाराजी शब्दांत येत नाही, खुणांत येते. ‘चोत्तो…’ (‘जरा…’) म्हणून वाक्य अर्धवट सोडणं, तुम्ही धुतलेली भांडी पुन्हा धुतली जाणं, तुमच्या मागोमाग कुणी दिवे बंद करत येणं. अशा वेळी ‘सगळं ठीक आहे ना?’ विचारलंत तर उत्तर ‘दाइजोउबु’च येणार. नेमकं विचारा: ‘काल आंघोळीला मी अर्धा तास घेतला, किती मिनिटांत आटपू?’ आकडा विचारला की आकडा मिळतो. हिवाळ्यात हीटरचं बिल फुगतं आणि कुरबुर बहुधा तिथून सुरू होते, कारण तिथे घरभर नाही, माणूस बसलेली खोलीच तापवतात. खोलीबाहेर पडताना हीटर बंद.

दोन-तीनदा विचारूनही ताण राहिला तर समन्वयकाला सांगा, पण ‘घर आवडत नाही’ असं मोघम नको. तारखा आणि घटना लिहून न्या. घर बदललं तर नव्या पत्त्याची नोंद पुन्हा १४ दिवसांत करावी लागते.

निघताना पालिकेत स्थलांतराची नोंद करा, मोबाइल बंद करा, किल्ली हातात द्या. देश कायमचा सोडत असाल तर कार्ड विमानतळावर परत करायचं असतं. फुतोनची चादर आणि उशीचे अभ्रे आदल्या दिवशीच धुऊन वाळवून ठेवा. निघायच्या सकाळी मशीन लावलंत तर ओली चादर ओकासानांच्याच गळ्यात पडते.